एका थेंबाची साक्ष
एकादशीचे व्रत आणि मधुमेही भाविक

आज आषाढ शुद्ध एकादशी. भगवान श्रीविष्णू आज क्षीरसागरी शयन करितात आणि चातुर्मासास प्रारंभ होतो. चंद्रभागेच्या वाळवंटी टाळमृदंगाचा गजर चालला असेल. ज्यांचे पाय पंढरीस लागले नाहीत त्यांच्या देवघरात तुळशीची मंजिरी विठ्ठलचरणी वाहिली गेली असेल. आणि स्वयंपाकघरात रात्री भिजत घातलेला साबुदाणा टपोरा फुलला असेल. अशा मंगलप्रसंगी रक्ताचा थेंब, सुई आणि रोग यांविषयी आम्ही लिहावे, हे काही वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या गोष्टीने आमचे प्राण वाचले आणि जिच्या अज्ञानाने ते जाऊ पाहत होते, ती गोष्ट एकादशीच्याच दिवशी सांगावयास हवी, असे आमच्या मनाने घेतले आहे. सुज्ञ वाचक हे धार्ष्ट्य पोटात घालतील, अशी आशा आहे.

तीन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. आमच्या क्षेत्रगावी एका मठाच्या सभामंडपात रात्री कीर्तनास उभे राहण्याचा आमचा नेम जुना. त्या दिवशी आम्ही निर्जळ उपवास धरला होता. पूर्वरंगात व्रताचे माहात्म्य झाले, मध्यंतरी बुक्का लागला, हार पडला, आणि उत्तररंगास आम्ही राजा अंबरीषाचे आख्यान लावले. श्रीमद्भागवताच्या नवम स्कंधातील ही कथा. वर्षभराचे द्वादशीव्रत करणारा राजा पारण्यास बसणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून येतात, स्नानास जातात, आणि इकडे द्वादशीची घटिका संपत येते. अतिथीपूर्वी भोजन करावे तर अधर्म. पारणे चुकवावे तर व्रतभंग. हा पेच आम्ही रंगवीत होतो.

तेवढ्यात अंगास दरदरून घाम सुटला. हातातील चिपळ्या थरथरू लागल्या. स्वर फाटला, तोंडपाठ असलेले पद अर्ध्यावर अडले आणि पुढील शब्द कोणता, हे काही केल्या आठवेना. समोरच्या समया दोनदोन दिसू लागल्या. सभेत एकदम शांतता पसरली. मग कोणी तरी सद्गदित होऊन म्हणाले, "बुवांना भाव आला!" मागून नामाचा गजर सुरू झाला. दोन वृद्ध स्त्रिया तर आमच्या पायांवर डोके ठेवावयास पुढे सरसावल्या.

श्रोत्यांत एका परिचिताची नात बसली होती. परिचारिकेचे शिक्षण घेणारी, विशीच्या आतबाहेरची मुलगी. ती गर्दीतून वाट काढीत पुढे आली, आमचा हात धरून तिने आम्हांस खाली बसविले आणि सौभाग्यवतींना विचारले, "आजी, आजोबांना साखरेची गोळी चालू आहे का?" सौभाग्यवतींनी मान हलविली. मुलीने आपल्या पिशवीतून मुठीत मावेल एवढे यंत्र काढले. "आजोबा, बोट द्या," एवढेच ती बोलली. सुई टोचल्याचे आम्हांस कळलेही नाही. पाच सेकंदांत यंत्रावर आकडा उमटला : ४६.

तो आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. समोरच देवापुढे खडीसाखरेची वाटी होती. तिने ती पाण्यात विरघळवून आमच्या ओठांशी धरली. तशाही अवस्थेत आम्ही तोंड फिरविले. एकादशी होती ना! तेव्हा सौभाग्यवती, ज्यांनी चाळीस वर्षांत आमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, त्या कडाडल्या : "तीर्थ म्हणून घ्या, नाहीतर औषध म्हणून घ्या, पण घ्या!" आम्ही प्यालो. पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब काढला. आकडा ८१ वर आला होता. डोळ्यांपुढील समया एकेक झाल्या, आणि अडलेले पद आपोआप ओठी आले. तथापि मुलीने कीर्तन पुढे चालवू दिले नाही. या गोळ्यांचा अंमल कित्येक तास राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, असे सांगून तिने आम्हांस इस्पितळात पाठविले. ती रात्र तेथे देखरेखीखाली गेली.

भाव आणि व्याधी

आमच्या साहित्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. आयुष्यभर आम्ही हे शिकविले. त्या रात्री यांतील निम्म्याहून अधिक लक्षणे आमच्या देही प्रकटली; परंतु त्यांत भक्तीचा लेशही नव्हता. रक्तातील साखर घसरली म्हणजे शरीर घाबरून जे करते, तेच ते होते : घाम, कंप, पांढरा पडलेला चेहरा, अडखळती वाणी आणि उपाय न झाल्यास बेशुद्धी. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही एकसारखीच. विद्वान फसले, भाविक फसले, आम्ही स्वतःही फसलो असतो. खरी साक्ष दिली ती रक्ताच्या एका थेंबाने.

येथे आमचा अपराध आम्ही झाकून ठेवीत नाही. मधुमेह जडून तेव्हा आठ वर्षे झाली होती. कीर्तनकारास घरोघरी शिरा, पेढे, पुरणपोळी आग्रहाने वाढली जाते. नाही म्हणावे तर यजमान दुखावतो, म्हणून आम्ही हा रोग चारचौघांपासून लपविला. डॉक्टरांनी बजाविले होते की, विचारल्यावाचून कडक उपवास करू नका. आम्ही मान डोलावली आणि विसरलो. त्या एकादशीस अन्न वर्ज्य केले, पण गोळ्या मात्र नेमाने दोन्ही वेळा घेतल्या. कारण गोळी चुकवू नये एवढेच ध्यानात राहिले होते. ती गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरविण्याचे आपले काम करीतच राहते, हे आमच्या ध्यानी आले नाही. चिरंजीवांनी असेच यंत्र आम्हांस आणून दिले होते. ते कपाटात पडून होते, आणि त्याच्या पट्ट्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

पूर्वसूरींची दृष्टी

हा रोग आमच्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. चरकाचार्यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले : दहा कफज, सहा पित्तज आणि चार वातज, मधुमेह हा त्या वातज प्रकारांतील एक. शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या धावणे, हे त्यांनी या रोगाचे पूर्वचिन्ह म्हणून नोंदविले. सुश्रुताचार्यांनी जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले. पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा बहुधा स्थूल, हेही सांगितले. आजच्या वैद्यकातील दोन प्रमुख प्रकारांशी हे वर्गीकरण बरेचसे जुळते, हे पाहून कौतुक वाटते.

त्याहून कौतुकाची गोष्ट सुश्रुताच्या चिकित्सास्थानात आहे. निर्धन प्रमेही रुग्णाने काय करावे? पायी जोडा नाही, डोक्यावर छत्र नाही, भिक्षेवर निर्वाह, एका गावी एकच रात्र मुक्काम, मुनीसारखे संयमित मन, अशा रीतीने त्याने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे आचार्य सांगतात. वाचकहो, ही तर आपली वारीच नव्हे काय? मात्र अनवाणी चालण्याचा भाग आज कोणी मधुमेह्याने अनुसरू नये. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते. खडा रुतला तरी कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. पांडुरंगास पादत्राणाचा राग नाही.

परंतु मुंग्यांची साक्ष फार उशिरा मिळते. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेल्यावाचून ती मूत्रात उतरतच नाही. आमच्या बालपणी निळे द्रावण परीक्षानळीत घालून मूत्रासह तापवीत. रंग हिरवा, पिवळा, विटकरी होई, त्यावरून साखरेचा अंदाज बांधीत. ते बेनेडिक्टचे द्रावण. त्याने साखर फार वाढली एवढे कळे. पण साखर घसरली आहे, हे त्या रंगातून कधीच कळले नसते. आमच्या त्या रात्री ते द्रावण निळेच राहिले असते.

यंत्राची कुळकथा

रक्ताच्या थेंबाची तात्काळ परीक्षा हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे देणे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत कागदी पट्टी निघाली. तीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवावा, एक मिनिट थांबावे, पाण्याने धुवावे आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहावा, अशी ती रीत. पुढे १९७० च्या सुमारास तो रंग मोजणारे यंत्र आले. ते वजनाने किलोहून अधिक, किमतीने भारी आणि केवळ डॉक्टरांस विकले जाणारे. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही अभियंत्याची पत्नी डॉक्टर होती; तिच्या नावाने त्याने ते यंत्र मिळविले आणि घरी दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासू लागला. रुग्णाने स्वतः परीक्षा करावी हा विचार तेव्हा वैद्यवर्गास रुचेना, म्हणून हा गृहस्थ चाळिशी उलटल्यावर वैद्यकाचा अभ्यास करून स्वतःच डॉक्टर झाला. १९८७ मध्ये लेखणीएवढे यंत्र निघाले. ते रंग पाहत नसे, तर विजेचा प्रवाह मोजीत असे. आजची यंत्रे त्याच कुळातील.

पट्टीच्या टोकाशी एक विकर लावलेले असते. रक्तातील ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. यंत्र तो मोजून आकडा दाखविते. यास एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी रक्त पुरते. प्रयोगशाळेत जावे, शिरेतून रक्त द्यावे आणि सायंकाळी कागद आणावा, ही यातायात रोजच्या देखरेखीपुरती संपली. रोग्याच्या अंथरुणाशी, खेड्यातील आरोग्यकेंद्रात, पालखीमार्गावरील तंबूत, जेथे रुग्ण तेथेच परीक्षा.

परीक्षेचा आचार

तथापि साक्षीदार कितीही खरा असला तरी त्यास प्रश्न नीट विचारावे लागतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, हा पहिला नियम. आमच्या घरांत याचे महत्त्व विशेष. कारण पंचामृत, केळे किंवा पेढा हाताळलेल्या बोटाची चिमूटभर गोडी थेंबात मिसळली तर आकडा खोटाच फुगतो. एका यजमानांनी प्रसाद वाटून त्याच बोटाने परीक्षा केली, तीनशेचा आकडा पाहून ते हबकले. हात धुऊन पुन्हा पाहिले तो १४२! ओले बोट थेंब पातळ करते, तेही टाळावे. सुई बोटाच्या मध्यावर न टोचता कडेस टोचावी, म्हणजे दुखत नाही. बोट फार पिळू नये. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्या उघड्या ठेवू नयेत. एकाची सुई दुसऱ्यास कदापि लावू नये. मग ते पतिपत्नी का असेनात. रक्तातून पसरणारे रोग नाते पाहत नाहीत.

या यंत्राची मर्यादाही जाणावी. उत्तम यंत्रासही शंभरामागे सुमारे पंधरा इतक्या फरकाची मुभा मान्य मापदंडात दिलेली आहे, आणि रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत आकडा वास्तवाहून अधिक येऊ शकतो. म्हणून शिबिरात एका थेंबाने अधिक साखर दाखविली तर मधुमेह झाला असे समजून खचू नये. पण 'यंत्र बिघडले असेल' म्हणून ते सोडूनही देऊ नये. प्रयोगशाळेत शिरेच्या रक्ताची परीक्षा करून घ्यावी. रात्रभराच्या उपवासानंतर १२६ किंवा अधिक, अथवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, ही मधुमेहाची सीमा होय. लक्षणे नसल्यास परीक्षा पुन्हा करून खात्री करितात. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही परीक्षाही आहे, तीत ६.५ टक्के ही सीमा. थेंबाचा आकडा त्या क्षणाची वार्ता देतो, ही परीक्षा त्रैमासिक जमाखर्च मांडते. दोन्ही हव्यात.

घरोघर हे का सांगावे लागते? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लक्ष त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण शंभरात सव्वीसांहून अधिक, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. ही पाहणीही बहुतांशी बोटाच्या थेंबावरच, दारोदार जाऊन झाली. कित्येकांस आपणास रोग आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊकच नसते. कारण प्रारंभी तो काहीही दुखवीत नाही. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी शासनाच्या आरोग्यकेंद्रांतून केली जाते. आशाताई दारी आल्या तर 'आम्हांस काही झालेले नाही' म्हणून त्यांस परत पाठवू नये.

शास्त्र काय म्हणते?

"व्रताच्या दिवशी बोटातून रक्त काढलेले चालते का? गोळी घेतली तर उपवास मोडतो का?" हे प्रश्न कीर्तनानंतर आम्हांस आता वारंवार विचारले जातात. पूर्वी आम्हीच स्वतःस विचारले नाहीत, हे दुर्दैव. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी मान्य केलेल्या एका प्रसिद्ध वचनानुसार आठ गोष्टींनी व्रताचा भंग होत नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंची आज्ञा, आणि आठवे औषध. औषधाने जर व्रत मोडत नाही, तर औषध किती घ्यावे हे ठरविणाऱ्या परीक्षेने ते कसे मोडेल? ज्यांस सोवळ्याचा संकोच वाटतो त्यांनी पहाटे स्नानापूर्वी परीक्षा करावी. उपाशीपोटीची साखर पाहण्याची वेळही तीच आहे. दिवसा लक्षणे जाणवली तर मात्र सोवळे बाजूस ठेवावे.

एकादशी आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत सर्वांस सांगितली असली तरी अशक्तांसाठी शास्त्राने वाटा ठेवल्या आहेत : एकभुक्त राहावे, नक्त करावे, फलाहार घ्यावा, किंवा पुत्राने वा पत्नीने प्रतिनिधी होऊन उपवास करावा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू ज्यांच्या घरी असेल त्यांनी व्रताची प्रकरणे उघडून पाहावीत. कुमारसंभवात तपाने कृश झालेल्या पार्वतीस प्रत्यक्ष शंकर बटुवेषाने विचारतात की, आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून तू तप करितेस ना? कारण शरीर हेच धर्माचे आद्य साधन होय.

आणि दुसऱ्या टोकाचाही विचार व्हावा. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याच लोकांनी आमच्यावर केलेली आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. बटाटे, रताळी, वऱ्याचे तांदूळ हेही त्याच वाटेचे. दोन वेळा खिचडी, मध्ये वेफर्स आणि रात्री साखर घातलेले रताळे, या 'उपवासा'ने मधुमेह्याची साखर गगनास भिडते. शिवाय ज्या कंदापासून आज साबुदाणा होतो, तो दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आला. साबुदाण्यावाचून एकादशी नाही, असे कोणत्या ऋषीने सांगितले? ताक, साखर न घातलेले दूध, काकडी, माफक शेंगदाणे, थोडा राजगिरा, यांवर एकादशी सुखाने होते. उपवास म्हणजे देवाच्या समीप वास. त्यात ताट भरण्याची अट नाही आणि प्राण पणास लावण्याचीही नाही.

चातुर्मासाचा संकल्प

आजपासून चार मास घरोघर नेम धरले जातील. मधुमेही भाविकांनी त्यांत एक नेम अवश्य मिळवावा. उपवास धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे : करावा की नाही, आणि करावयाचा तर गोळी वा इन्सुलिन किती कमी करावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून पाऊल टाकूच नये. उपवासाच्या दिवशी सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि घाम, कंप, भोवळ जाणवताच तत्क्षणी थेंब पाहावा. आकडा ७० च्या खाली गेला की उपवास तेथेच सोडावा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सावरल्यावर काही खावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्यास थेट इस्पितळात न्यावे. आकडा तीनशेपार गेला तर उपवास थांबवून डॉक्टरांस गाठावे. आणि घरातील एका तरी तरुण व्यक्तीस हे यंत्र चालविता यावे.

अंबरीषाच्या आख्यानाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या द्वादशीस इस्पितळातून परतल्यावर, सकाळच्या पारण्यानंतर आम्ही ते बसूनच पुरे केले. पेचात सापडलेल्या अंबरीषाने हट्ट धरला नाही. त्याने जाणत्यांस विचारले आणि त्यांच्या मताने केवळ पाणी प्राशन केले. तेवढ्याने पारणेही साधले आणि अतिथीचा मानही राहिला. दुर्वास कोपले तरी भगवंताचे सुदर्शन राजाच्याच पाठीशी उभे राहिले. चाळीस वर्षे आम्ही ही कथा सांगत होतो. जाणत्यास विचारावे, हा तिचा अर्थ आम्हांस त्या पेलाभर साखरपाण्याने उमगला.

ते यंत्र आता देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. पहाटे प्रथम त्याची साक्ष, मग स्नान, मग पूजा, असा क्रम लागला आहे. आज आमचा उपवास डॉक्टरांच्या अनुज्ञेने ताक आणि फळावर आहे, आणि रात्री कीर्तनही आहे. ज्याने हा देह दिला त्याच्यासमोर तो सांभाळून उभा करावा, हीही सेवाच. पांडुरंग सर्व भाविकांचा चातुर्मास निर्विघ्न पार पाडो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.